‘ऑन’ शिकवणाऱ्या बाई

तो प्रश्न मीच त्या मुलाला पढवला होता. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये नवा शिक्षक घ्यायचा तर आधी भरल्या वर्गावर डेमो लेक्चर होतं. संचालक मागच्या बाकावर बसतात. मुलं हसली की उमेदवार गेला. मी तिथला इंग्रजीचा जुना शिक्षक, आणि या नव्या बाई लागल्या की माझ्या निम्म्या बॅचेस जाणार, ही मला भीती होती.

बाई उदगीरहून एसटीने आल्या होत्या. स्टाफरूममध्ये चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "सर, आमची शाळा बंद पडली. इथं झालं तर लई बरं होईल."

"होईल की," मी म्हणालो, आणि बाहेर जाऊन एका हुशार मुलाला गाठलं.

डेमोला बाईंनी इंग्रजीतला ‘ऑन’ हा शब्द घेतला. ‘ऑन म्हणजे वर’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. त्यांनी छताकडे बोट केलं.

"ती पाल छताच्या वर हाय का खाली?"

"खाली!"

"तरी ऑनच. कारण ती छताला टेकलीय."

मग भिंतीवरचं घड्याळ आलं, बोटातली अंगठी आली. "अन् सोमवारला ऑन कसं?" एका मुलीने विचारलं. "सण दाराशी येऊन टेकला म्हणतो ना आपण? तसा वार पण टेकतो, असं समज." मुलं हरखून ऐकत होती.

तेवढ्यात मी पढवलेला मुलगा उठला. "मॅडम, बसला ऑन अन् कारला इन. असं का हो?"

विचारून त्याने दाराशी उभ्या माझ्याकडे पाहिलं, ते बाईंनी टिपलं. त्यांचा खडू थांबला. "आत्ता नीट सांगता येणार नाही. उद्या बघून सांगते."

"उद्या येणार का पण तुम्ही?" मागून कोणीतरी ओरडलं.

वर्ग हसून फुटला. संचालक उठून गेले. उत्तर मलाही येत नव्हतं. घरी पुस्तकात शोधलं, तेव्हा कळलं की ज्या गाडीत उभं राहून चालता येतं, तिला सहसा ऑन.

काही महिन्यांनी नांदेडच्या एका क्लासच्या संचालकांचा फोन आला. "त्या बाई तुमच्याकडं डेमोत पडल्या म्हणे. उद्या आमच्याकडं हाय त्यांचा. कशा हायत?"

"तुम्हीच बघा," एवढंच बोलून मी फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं, मी त्यांना पुन्हा पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नांदेडची एसटी धरली. लोह्याच्या अलीकडे गाडी रखडली, तेव्हा उतरून पळत सुटावंसं वाटत होतं. पोचलो तर डेमो सुरू झालेला. फळ्यावर ‘ऑन’च. दार ढकललं तशी बाईंनी मला पाहिलं आणि त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्या एकेका बाकावरून नजर फिरवू लागल्या. या वेळी कोणाला पढवलंय, तेच त्या शोधत होत्या. मुलं चुळबुळली. कोणीतरी खुदकन हसलं.

"काय झालं मॅडम?" संचालकांनी विचारलं.

"थांबा सर," मी दारातूनच म्हणालो. "लातूरला यांना अडवणारा प्रश्न मीच एका मुलाला पढवला होता. माझ्या बॅचेस जातील म्हणून. त्याचं उत्तर मलासुद्धा येत नव्हतं."

मी फळ्याकडे वळलो.

"मॅडम, मी तुमचं वाईट केलं. काल फोनवर पुन्हा केलं. मला माफ करा."