दात न मोजता बसवलेलं हौसिंग

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. पिकअप गाड्यांच्या मागच्या एक्सलची कामं मी करतो. चढाला गाडी दमत असेल तर मागचे गिअर बदलून तिला ओढ आणून द्यायची, यासाठी लोक लांबून माझ्याकडे येतात. त्यामुळं ही गोष्ट सांगताना मला जास्तच लाज वाटते.

मलकापूरच्या वरच्या एका वाडीतून एक बाई पिकअप घेऊन आली होती. नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून गाडी तीच चालवायची. सकाळी वाडीतलं दूध खाली पोचवायचं आणि येताना पेंडीची पोती भरून चढ चढायचा. त्या चढाला गाडी रडायची. मी म्हटलं, मागचं अख्खं हौसिंगच, म्हणजे आतल्या गिअरसकट एक्सलची पेटीच बदलू, जास्त ओढीचं बसवू. भंगारवाल्याकडं एक बरं हौसिंग मिळालं. ओढीचंच आहे, असं तो म्हणाला. ओढ दातांवर ठरते, म्हणून आतल्या गिअरचे दात मोजले असते तर लगेच खात्री झाली असती. मी मोजले नाहीत. एवढी वर्षं हेच करतोय, मला नुसतं बघून कळतं, असा माझा तोरा.

आठवड्यानं ती परत आली. गॅरेजात चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसले होते.

"मिस्त्री, सपाटीला गाडी लई पळती, पर चढाला आदीपेक्षा जास्त दमती," ती म्हणाली.

याहून नेमकं कुणी सांगू शकलं नसतं. वेग वाढला आणि ओढ घटली, म्हणजे मी ओढीऐवजी वेगाचं हौसिंग बसवलं होतं. हे मला तिथंच उमगायला हवं होतं. खरं तर उमगलं होतं, पण त्या ड्रायव्हरांसमोर कबूल करवेना. गाडीखाली वाकूनसुद्धा न बघता मी बोलून गेलो, "गाडी बरोबर हाय, वैनी. गिअर कवा टाकायचा ते कळाय पायजे. ही गाडी बाईच्या हातातली न्हवं."

सगळे हसले, मीही हसलो. तिनं पदर खोचला, गाडी एका दमात मागं घेतली आणि रस्त्याला लागली.

दोनेक महिन्यांनी तीच गाडी घेऊन तिचा दीर आला. चढाला क्लच जळत होता. मी हौसिंग उघडलं आणि दात मोजले. चूक माझीच होती. वहिनी का आल्या नाहीत, असं विचारलं तर तो सहज म्हणाला, "ती घरातच असती आता. तुमीच म्हणलासा न्हवं, बाईच्या हातातली गाडी न्हाय म्हणून? दादानं चाव्या माज्याकडं दिल्या." त्या ड्रायव्हरांपैकीच कुणीतरी माझं बोलणं वाडीवर पोचवलं होतं.

त्या वेळी तरी खरं सांगायचं. मी नुसतं, गिअर झिजलेत, म्हणालो आणि बरोबर ओढीचं हौसिंग फुकट बसवून दिलं. तो माझे आभार मानून गेला. ते आभार मला पचले नाहीत.

पुढच्या रविवारी मोटरसायकल काढून मी वाडीवर गेलो. ती गोठ्यात होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिनं शेणाचे हात धुतले आणि विचारलं, "हे माज्या दिराला सांगिटलासा?"

"न्हाय."

"मग सांगा की. तवा चारचौघांत बोललासा, आता बी चारचौघांत बोला."

तिनं दिराला हाक मारली. सुट्टीवर आलेला नवराही बाहेर आला, शेजारची दोन माणसं कुंपणापाशी थांबली. गाडी पहिल्यापासून वहिनी बरोबर चालवत होत्या, हौसिंग मी चुकीचं बसवलं आणि खोटं बोललो, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. बोलताना माझी नजर अंगणातल्या पोत्यांवरच होती.

नवऱ्यानं भावाकडं बघितलं. मग म्हणाला, "असुदे. आता नीट चालतीया न्हवं?" दिरानं मान डोलावली. चाव्यांचा विषय कुणी काढला नाही. ती गोठ्यात परत गेली.

ती गाडी अजून अधूनमधून माझ्या गॅरेजात येते. दीरच घेऊन येतो.