वरच्या काकांचा सा

टीव्हीशी आमच्या वरच्या काकांइतक्या अदबीने वागणारा माणूस साऱ्या लखनौत सापडणार नाही, आणि हे शहर अदबीसाठीच ओळखलं जातं हे ठाऊक असूनही मी तसं म्हणते आहे. काका मूळचे अकोल्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नल इंजिनिअर. सरोजिनी नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते बरोबर माझ्या घराच्या वर राहतात. मी विद्यापीठात शिकवते, तीनला दमून घरी येते आणि चारला जरा पडू म्हणते. नेमकं चारलाच वर काकांच्या तीन वर्षांच्या नातवाचं, गोलूचं, संगीतशिक्षण सुरू व्हायचं. लहानपणीच कानावर सूर पडले पाहिजेत असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि मुलांना गाणं शिकवणारे व्हिडिओ शोधून वारांप्रमाणे वहीत लिहून ठेवले होते. व्हिडिओतल्या बाई पडद्यावर आल्या की काका उठून नमस्कार करत, गोलूलाही करायला लावत. शिकवणी चालू असताना आत येणाऱ्याने चपला दाराबाहेर काढायच्या. मध्येच कुणी बेल वाजवली तर काका टीव्हीकडे पाहून "एक मिनिट हं" म्हणत आणि मगच व्हिडिओ थांबवत. एकदा सूनबाई भेंड्यांचं ताट घेऊन टीव्हीसमोरून गेल्या, तर काका कळवळून म्हणाले, "अगं, बाई शिकवतायत ना!"

त्या बाई आधी स्वतः 'सा' म्हणत, मग हसून "अब आप गाइए" म्हणत आणि मुलांसाठी थोडा वेळ गप्प राहत. त्या वेळात गोलू बिस्किट खायचा. काकांना ते सहन होत नसे. रेल्वेत फोनवर निरोप आला की ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो, नाही म्हटला तर तो पोचलाच नाही असं धरतात. "उत्तर गेलं नाही तर बाईंनी पुढची गाडी सोडायची कशी?" असं ते मला अगदी गंभीरपणे समजावत. म्हणून गोलूच्या वतीने ते स्वतःच उत्तर देत. काकांचा सा जिथून निघे तिथे थांबत नसे आणि जिथे थांबे तिथे त्याचं काही काम नसे. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, पण मी विमानांना सरावले. काकांच्या 'सा'ला मी काही सरावले नाही.

तीन महिने सोसल्यावर एका शुक्रवारी पेपरांचा गठ्ठा तसाच टाकला आणि भांडायचंच ठरवून वर गेले. काकांनी ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. आत गोलू पहिल्यांदाच गात होता. बिस्किट बाजूला ठेवून, डोळे मिटून त्याने आजोबांचा सा हुबेहूब उचलला होता. काकांचा चेहरा असा फुलला होता की माझं भांडण घशातच राहिलं. "ताई, तुम्ही गाणं शिकलाय," ते म्हणाले, "सच सच बताइए, सुरात आहे ना?" दमलेल्या माणसाला खोटं बोलायचाही कंटाळा येतो. मी म्हटलं, "नाही काका. अगदी तुमच्यासारखा गातोय."

काकांनी टीव्ही बंद केला. बाईंना नमस्कारही केला नाही. "शाळेत प्रार्थनेला मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे," ते म्हणाले. "दहावीपर्यंत हलवले. याच्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच होतं हो." मला फार वाईट वाटलं. उद्यापासून मी त्याच्यासमोर गाते, असं म्हणून बसले. पण दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडताच गोलू सोफ्यामागे लपला. त्याला उत्तर आजोबांच्याच तोंडून हवं होतं. शेवटी काकांनीच तोडगा काढला. "तुम्ही मागून म्हणा, मी ओठ हलवतो. उसकी तो प्रॅक्टिस है."

तेव्हापासून चारची माझी झोप गेली ती गेलीच. मी फ्रिजच्या आडोशाला स्टुलावर बसून सा लावायची आणि काका पुढे इतके तल्लीन होऊन मान डोलवायचे की गातंय कोण याचा मलाच संशय यावा. एकदा मला शिंक आली, तर काकांनी तत्काळ रुमाल काढून स्वतःचं नाक पुसलं. गोलू हळूहळू सुरात आला. "मेरे आजोबा बहुत अच्छा गाते हैं," असं तो सब्जीवाल्या भैयापर्यंत सगळ्यांना सांगत सुटला. मी हूं की चूं केलं नाही.

मग काकांच्या मुलाची गुवाहाटीला बदली झाली आणि गोलू गेला. त्यालाही दोन वर्षं होतील. दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, आणि काका वाजणारा फोन तसाच घेऊन जिना उतरून माझ्या दारात. तो "आजोबा, सुनाओ ना" म्हणतो. मी कणकेचे हात तसेच धरून दाराआडून गाते. "काका, आता सांगून टाका त्याला," असं मी कितीदा वैतागून म्हटलं. "सांगू, सांगू. जरा मोठा होऊ दे," हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

गेल्या रविवारी मी चादरी घ्यायला अमीनाबादच्या बाजारात गेले होते आणि तिथल्या गर्दीत काकांचा फोन मला ऐकूच आला नाही. परत आले तर काका जिन्यात बसलेले.

"त्याचा कॉल आला होता," ते म्हणाले. "तुम्ही नव्हता. तो ऐकेना. मग मीच म्हटलं."

"काय म्हणाला?"

"सगळं ऐकून घेतलं त्याने. मग हळूच विचारलं, आजोबा, आप रो रहे हो क्या?"

"आणि तुम्ही?"

"हाँ बेटा, म्हटलं. दुसरं काय सांगणार? तर म्हणतो, रोओ मत, मैं सुनाता हूँ. आणि गायला, ताई. कितीतरी वेळ एकटा गायला. पण सुरात होता की नाही, ते मला कसं कळणार? तुम्ही असायला हवं होतं हो."

मी काहीच ऐकलं नव्हतं. तरी म्हटलं, "सुरातच होता, काका."

त्यांनी मान डोलावली. मग पिशव्या पायाशी ठेवून मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.