डबीतले आठ ब्रश

जहाजांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या त्या कारखान्यात रेघकाकांचं टेबल खिडकीशी होतं, आणि तीस वर्षांत त्या टेबलाकडे वाकड्या नजरेनं बघायची कोणाची छाती झाली नव्हती. हातभर लांबीच्या जहाजावर दारं-खिडक्यांच्या कडा आणि शेवटी टोकाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जहाजाचं नाव, हे काम काकांचं. मग ती नवी कारागीर आली. आधी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याकडे होती, म्हणून काकांनी मनातल्या मनात तिचं नाव कवळीवाली ठेवून टाकलं. तिचा हात कापत नव्हता. तिला चष्माही नव्हता. काकांना दोन्ही गोष्टी सारख्याच खुपल्या.

त्यात मालकांनी तेल ओतलं. "काका, राग मानू नका. आता करायला घेतोय त्या मोठ्या जहाजाचं नाव डाव्या बाजूला तुम्ही लिहा, उजव्या बाजूला ही लिहील. ज्याचं सरस, खिडकी त्याची."

राग मानू नका म्हणे! साठीला आलेल्या डोळ्यांना ट्यूबलाइटच्या उजेडात ती अक्षरं दिसणार नव्हती, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. खिडकी गेली की जन्मभर रुंद ब्रशानं जहाजांचे तळ रंगवायचे.

त्याच संध्याकाळी काका ब्रशच्या दुकानात गेले. ब्रश निवडावा तर काकांनी. वाटीभर पाणी मागून घ्यायचे, एकेक ब्रश भिजवायचे आणि मनगटाला हलका झटका द्यायचे. ज्याचे केस आपसूक एका टोकाला येतील तो ठेवायचा, ज्याला फाटा फुटेल तो परत. एरवी ते एकच घ्यायचे आणि झिजेस्तोवर वापरायचे. त्या दिवशी खोक्यात जेवढे चांगले निघाले तेवढे, आठच्या आठ, त्यांनी बांधून घेतले.

"आठ?" दुकानदार म्हणाला. "माझ्यासमोर दुकान टाकताय की काय?"

"असू देत घरात," काका म्हणाले. आता येऊ दे कवळीवालीला, नेऊ दे उरलेला गाळ!

घरी त्यांनी पुठ्ठ्याची डबी कपाटात लोकरीच्या कपड्यांमागे ढकलली. "मला कधी एकदम चपलांचे दोन जोड नाही आणलेत," बायको म्हणाली. काका खुशीत होते, त्यांनी ऐकून सोडून दिलं.

जहाज तयार व्हायला चार महिने लागले. तेवढ्या काळात काकांचा जुना ब्रश पार टक्कल पडल्यासारखा झाला. कवळीवालीनं मात्र एकच ब्रश ठेवला होता. काम झालं की गार पाण्यात, साबणाच्या वडीवर हळूच फिरवायची, बोटांनी टोक काढायची, आडवा वाळवायची. काका हे सगळं चष्म्यावरून बघायचे आणि जळायचे.

नावाच्या दिवशी तिनं सकाळीच आपली बाजू उरकली. काकांनी ऐटीत डबी उघडली आणि तोंडचं पाणी पळालं. लोकरीच्या कपड्यांतली कसर लागली होती. आठही ब्रशांचे केस कुरतडून खुंट उरले होते. अस्सल केसांचा ब्रश कपाटात नुसता पडून राहिला की कसर त्याला खाते. पण काकांकडे जास्तीचा ब्रश आयुष्यात कधी नव्हताच, तर त्यांना हे कळणार कुठून?

तिनं डबीत पाहिलं. आपला ब्रश पुढे केला.

"हा तर मीच दुकानात परत केलेला," काकांच्या तोंडून निघून गेलं. दांड्यावरचा ओरखडा त्यांनी ओळखला होता.

"एक केस आडवा होता," ती म्हणाली. "तेवढा उपटला."

काकांनी नाव लिहिलं. हात लागताच त्यांना कळलं, असा ब्रश दहा वर्षांत मिळाला नव्हता. पोटात असं दुखलं की विचारू नका. मग ते ब्रश धुवायला मोरीपाशी गेले. दोन नळ होते. गरम पाण्यानं आतला डिंक सुटतो, केस गळतात, आणि कोणाला कळतही नाही. काकांचा हात गरम नळावर गेला. तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी गार नळ सोडला.

मालकांनी भिंग लावून दोन्ही बाजू पाहिल्या. "काका ते काकाच! खिडकी तुमची."

ती खाली बघून आपली खोकी आवरायला लागली. काकांनी आठ ब्रश कशासाठी उचलले होते हे तिला ठाऊक नव्हतं. काका गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं.

"ब्रश हिचा आहे," काका एकदम चिडून म्हणाले. "हिला मिळू नयेत म्हणून चांगले आठ मी उचलले होते. कसरीनं खाल्ले. आता बघत काय उभे राहिलात? टेबलाचं ते टोक धरा."

मालकांनी टोक धरलं. दोघांनी टेबल भिंतीपासून ओढून खिडकीला काटकोनात लावलं, आता दोन्ही बाजूंना खुर्ची बसत होती आणि उजेडही पडत होता. कवळीवाली समोर येऊन बसली. काकांनी तिचा ब्रश तिच्यापुढे ठेवला, पण लगेच सोडवेना.

"पुढच्या वेळी दुकानात मला ने," ते म्हणाले. "निवडशील तू."