दुसरी मिरची

एकटीच्या पिठल्याला एक मिरची पुरते, पण मी दोन टाकते आणि खिडकी सताड उघडी ठेवते. फोडणीचा तिखट वास समोरच्या खिडकीत शिरतो आणि शेजारच्या काकूंना जोराचा ठसका लागतो.

"अगं, पिठलं करतेयस की आमचा जीव घेतेयस?" त्या तिथूनच ओरडतात.

"चुकून जास्त पडली हो काकू!"

एकटीनं जेवण्याचं मला आता काही वाटत नाही, पोट भरतंच. पण आज आपल्याकडेही चूल पेटली, हे कुणाला तरी कळल्याशिवाय स्वयंपाक झाल्यासारखा वाटत नाही.

आज समोरची खिडकी बंद आहे. काकू लेकीकडे राहायला गेल्यात. हातात घेतलेली दुसरी मिरची मी परत डब्यात ठेवली.