मुठीवरचा चढलेला फेरा

खळीचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? सुताला ताठपणा यावा म्हणून त्याला पिठाची जी पातळ पेज पाजतात, ती खळ. तिचा तो उबदार, किंचित आंबूस गंध माझ्या बालपणीच्या सोलापुरात गल्लोगल्ली दरवळत असे. माझे वडील, आप्पा, गिरणीत मागांची दुरुस्ती करत. संध्याकाळी ते दाराशी सायकल टेकवत, तेव्हा आधी तो गंध घरात शिरे आणि मागाहून आप्पा. गेल्या श्रावणात बार्शीच्या माझ्या स्वयंपाकघरात, गॅसवरच्या पातेल्यातून तोच गंध अवचित उठला आणि महाविद्यालयात मराठी शिकवणारी, पन्नाशी ओलांडलेली मी हातात पळी धरून एकटीच हसत सुटले. खळ कापडासाठी नव्हतीच मुळी. ती होती तलवारीसाठी!

सांगते. मी चार वर्षांची असताना कुंभारीजवळच्या माळावर एका ऐतिहासिक चित्रपटाचे चित्रीकरण झाले. सुट्टीचा दिवस म्हणून आप्पा बघायला गेले, आणि सवयीने हत्यारांची पिशवीही खांद्याला अडकवून गेले. नायकाने घोड्यावरून उडी घेतली मात्र, त्याच्या तलवारीची मूठ तडकली. तलवार कसली, रुपेरी रंग फासलेले लाकूड ते! सूर्य कलत चाललेला, सगळे हवालदिल. आप्पांनी पिशवीतली खळ दिलेली सुती दोरी काढली, भिजवली, मुठीभोवती घट्ट आवळून गुंडाळली आणि त्या मावळत्या उजेडात नायकाने किल्ल्याच्या दारापुढे तीच तलवार उंचावली.

पुढे तो चित्रपट दूरदर्शनवर लागला की आप्पा त्या प्रसंगाला पुढे सरकत आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणत, “त्यो बघ. माझा फेरा.” आम्हाला काय दिसणार? पडद्यावर नुसत्या मुंग्या! काका डोळे मिचकावत, “व्हय व्हय, अन् घोडा बी तुझाच की.” सगळे खदखदा हसत. मी दहावीत असताना मैत्रिणींच्या देखत त्यांनी पुन्हा बोट उचलले, तेव्हा मीच फणकारले, “आप्पा, पुरे करा आता. लोक हसतात.” त्यांनी बोट मागे घेतले. त्यानंतर चित्रपट अनेकदा लागला, पण आप्पा भिंतीला टेकून मुकाट्याने बघत राहिले. ते मागे घेतलेले बोट मला आजतागायत टोचते. मनुष्य आपल्याच माणसांवर किती सहजी अविश्वास दाखवतो, नाही?

आता त्या चित्रपटाची स्वच्छ केलेली प्रत आली आहे. मी ती लावली, किल्ल्याच्या दारापाशी चित्र थांबवले आणि खुर्चीतून उठून उभीच राहिले. मुठीवर दोरी होती! वरच्या टोकाशी एक फेरा दुसऱ्याच्या अंगावर चढला होता, त्याचा इवलासा उंचवटाही दिसत होता. आप्पा खरे होते. इतकी वर्षे खरे होते, आणि आम्ही हसत होतो!

त्याच तलवारीची प्रतिकृती संग्राहकांसाठी विकायला आहे, हे कळताच मी ती मागवली. खोक्यावर लिहिले होते ‘हुबेहूब’. हुबेहूब म्हणे! पाते ठीक होते, पण मुठीवर काळ्याकुट्ट चामड्याची चकचकीत पट्टी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांना तो फेरा दिसला नाही त्यांनी तलवार बघितलीच कशी म्हणायची? त्याच दुपारी मी पट्टी सोलून काढली, खालचा गोंद पॉलिशपेपरने घासला, पात्याचा अतिरेकी झळाळ मातीने उतरवला. पोराबाळांची चित्रकला दुरूनच पाहणारी मी, पण हात थांबेना. सुती दोरी चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केली, खळीत भिजवली आणि पडद्यावरचे थांबलेले चित्र पाहत मूठ वळायला बसले.

आणि जमेना! फेरे मोजले, जाडी जुळवली, चढलेला फेराही नेमक्या जागी चढवला, तरी काहीतरी खटकत होते. तीन वेळा सोडले, तीन वेळा वळले. चौथ्या वेळी उमगले की माझे फेरे उजवीकडे कलत आहेत आणि चित्रातले डावीकडे. उलटे कोण वळील? आणि मग डोळ्यांपुढे उभे राहिले आप्पा, डाव्या हाताने घास घेणारे, त्यापायी आजीच्या शिव्या खाणारे, डाव्या हाताने पाना फिरवणारे आप्पा. अहो, त्या मुठीवर जणू त्यांची सहीच होती! मी रडले, खोटे कशाला सांगू? मग डोळे पुसून, माझ्या अडाणी डाव्या हाताने, आठवडाभर खपून तो उलटा वळसा आणि तो चढलेला फेरा साधला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तलवार सोलापुरी चादरीत गुंडाळून मी बार्शीहून सोलापूरच्या बसमध्ये बसले. वाहकाने त्या लांबलचक गाठोड्याकडे पाहून विचारले, “ताई, काय हाय ह्यात?” म्हटले, “तलवार.” तो गंभीरपणे उत्तरला, “मग हिला बी बायकांचं अर्धं तिकीट लावू की काय?” सगळी बस हसली, त्यात मीही. केवढा आनंद दाटला होता मनात! माझ्या आप्पांना त्यांचा शब्द परत द्यायला मी निघाले होते.

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारे पुजतात. सकाळी पाटावर आप्पांचे पाने, आईची विळी, माझे लाल पेन, सगळे घासूनपुसून मांडलेले होते. मी चादर उलगडली आणि तलवार आप्पांच्या मांडीवर ठेवली. ऐंशीच्या घरातले ते हात मुठीवरून फिरले, चढलेल्या फेऱ्यापाशी थबकले. आता ते काय म्हणतील?

आप्पांनी कपाळावर हात मारला. “अगं, ही चूक बी आणलीस व्हय हितं?”

मला कळेना. म्हटले, “चूक? आप्पा, हाच तर तुमचा फेरा! तुम्ही सगळ्यांना दाखवायचात ना?”

“दाखवायचो की. पर चांगला हाय म्हणून कुटं दाखवायचो? उजेड चालला होता, त्यो शिनेमावाला ‘आवरा, आवरा’ करत होता, घाईत एक फेरा चढला. सोडून वळाय पायजे होतं. न्हाय जमलं. आख्ख्या म्हाराष्ट्रानं बघितला माझा चढलेला फेरा! लई सलतंय बघ ते.”

आई पदराआडून हसू लागली. आम्ही बढाई समजून ज्याला हसलो, ती एका कारागिराची खंत होती! हसणाऱ्यांपुढे तो माणूस आपली चूक वारंवार सांगत होता, आणि मी तेही त्याला सांगू दिले नव्हते. मी म्हटले, “आप्पा, तेव्हा मी तुम्हाला गप्प केलं. चुकलं माझं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे गं. खळ हाय का?”

होती, डबीत भरून आणली होती. आप्पांनी माझा आठवडा निमिषात उसवला. दोरी भिजवली, डावा हात किंचित थरथरत पुढे आला आणि दोरीला ताण बसताच स्थिर झाला. फेऱ्याला फेरा लागत गेला. घाई नव्हती, उजेड भरपूर होता. वरच्या टोकाशी येऊन त्यांनी गाठ आत दडवली, अंगठा फिरवून पाहिला आणि तलवार पान्यांच्या शेजारी पाटावर ठेवली. ती आता चित्रपटातल्या तलवारीसारखी मुळीच राहिली नव्हती. तिच्यावर फूल वाहताना आप्पा म्हणाले, “आता दाखव कुणाला बी.”

मी वाकून पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो अजून ओला होता, आणि त्याला खळीचा वास येत होता.