पॅडलवरचं फ्रेंच

टेपबाईंबद्दल चार ओळी लिहून पाठवा, असं त्यांच्या मुलीने कळवलं आहे. बाईंना जाऊन महिना झाला. मुलीजवळ त्यांना चारच वर्षं मिळाली, आणि त्याआधीचं सांगणारं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, असं तिला वाटतं. मी कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं, की मलाही फारसं काही माहीत नाही. बारा वर्षं आमची दारं समोरासमोर होती. त्या कपडे शिवत. गळ्यात मापाची टेप कायम, म्हणून अख्खी इमारत त्यांना टेपबाई म्हणे. ओठांत टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं कमी. एवढंच. लिहायची मला सवय नाही, तेव्हा मुलीने सांभाळून घ्यावं.

एके दिवशी दुपारी त्या माझ्या दाराशी आल्या. मुलगी फ्रेंच बोलणाऱ्या देशात दिलेली. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायला मनाई केली होती. बाईंना तिच्याकडे राहायला जायचं, तर भाषेची तोंडी परीक्षा पास होणं भाग होतं. दोनदा त्या नापास झाल्या होत्या. तिसरी संधी शेवटची.

"तुम्ही ऑफिसात फ्रेंच पत्रं टाइप करायचात ना?"

"टाइप करायचो. बोललो कधीच नाही."

"मी तर टाइपही केलेलं नाही. म्हणजे तुम्ही माझे मास्तर."

मला नाही म्हणायचं होतं, पण ते मला आयुष्यात कधी नीट जमलेलं नाही.

दोन्ही वेळा बाईंची गाडी एकाच जागी अडली होती. पूर्वीचं काही सांगा म्हटलं, की तोंडाला कुलूप. आपण पूर्वी काय करत असू, हे सांगायला फ्रेंचमध्ये एक वेगळा काळ आहे. मी सुरुवातीला साधं क्रियापद घेतलं, 'पार्ले', म्हणजे बोलणं. 'नू पार्लों' म्हणजे आम्ही बोलतो. त्यातला शेवटचा 'ओं' काढायचा आणि ज्याचं त्याचं शेपूट लावायचं.

"जुनी बाही उसवायची, नवी जोडायची," बाई म्हणाल्या. "एवढंच ना?"

"एवढंच."

ज पार्लॅ, त्यू पार्लॅ, इल पार्लॅ, नू पार्लियों, वू पार्लिए, आणि 'ते सगळे' म्हणायला पुन्हा इल पार्लॅ.

"मास्तर, यातले चार तर एकाच मापाचे आहेत."

"ऐकायला. लिहिताना वेगळे."

"मग लिहायला सांगू नका. परीक्षा तोंडी आहे."

हातातलं काम सोडून बसायला त्यांना वेळ नव्हता. म्हणून शिकवणी पायमशीनपाशीच चाले. पॅडल खाली गेलं की 'ज पार्लॅ', वर आलं की 'त्यू पार्लॅ'. सहा रूपं होईतो एक शिवण पुढे सरके. दोन महिन्यांत राहणं, गाणं, काम करणं अशी पंधरा-वीस क्रियापदं त्यांनी त्या चालीवर बसवली. टाचण्या दातांत असल्या तरी उच्चार सुटत नसे. मी खूश होतो, पण आतून धाकधूक होती. माझे उच्चार सगळे कागदावरून आलेले. ते चुकीचे निघाले तर?

परीक्षेला तीन दिवस असताना मशीनचा पट्टा तुटला.

"असू दे," मी म्हणालो. "आज नुसतं म्हणा."

बाईंनी तोंड उघडलं. "ज पार्लॅ... नू... नू..." पुढे काहीच येईना. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन महिन्यांत एकदाही मी त्यांना नुसतं खुर्चीवर बसवून म्हणायला लावलं नव्हतं.

"बाई, हे माझ्यामुळे झालं."

"रडगाणं नंतर. खुर्ची द्या आधी."

तीन दिवस त्या खुर्चीवर बसून घोकत होत्या. पाय हलला की जमे, थांबला की अडे. आणि मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, वर सांगून ठेवलं, "परीक्षकासमोर पाय हलवू नका. बरं दिसत नाही."

परीक्षेला मी सोबत गेलो. खोलीच्या भिंतीला काच होती, गुडघ्यापर्यंत स्वच्छ आणि वर दुधी. बाहेरच्या बाकावरून मला फक्त पाय दिसत होते. परीक्षकाचे काळे बूट आणि बाईंच्या चपला. आतून परीक्षकाचा आवाज आला, थांबला. चपला जमिनीला चिकटवल्यासारख्या. घड्याळात एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मी माझ्याच टोपीची कड पिळत होतो. हलवा, मी मनात म्हणत होतो, अहो बाई, हलवा पाय. काचेवर टकटक करायला उठलोही, पण परत बसलो.

मग उजवी टाच उचलली गेली. टेकली. पुन्हा उचलली. हळूहळू पायाने लय धरली, आणि आतून बाईंचा आवाज सुरू झाला तो थांबेचना.

परतताना बसमध्ये मी म्हणालो, "पाय हलवलात."

"हलवला. तुमचं ऐकलं असतं तर अजून तिथेच बसले असते."

"विचारलं काय?"

"लहानपणी घरात कोणाशी बोलायचात, म्हणून."

"मग?"

"सांगितलं, आई मुकी होती. आम्ही दोघी हातांनी बोलत असू. नू पार्लियों." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तो काही लिहीत होता, ते थांबवून ऐकत बसला."

बारा वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. नंतरही काही विचारायला मला सुचलं नाही. स्टॉप आला आणि आम्ही उतरलो.

निकाल अकराव्या दिवशी आला. दोन गुणांनी, पण पास. महिन्याभरात त्या निघाल्या. टॅक्सी खाली उभी होती तेव्हा माझ्या दाराशी येऊन त्यांनी माझा सदरा हातात ठेवला. विरलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती.

"दुसरं बटण तेवढं सैल राहिलंय, मास्तर. ओढू नका."

"नाही ओढत."

"आणि ते दार लावून घ्या, वारा येतोय."

"हो, लावतो."