मंचाकडे पाठ करून

उल्हास शिंत्रे यांनी सात हिवाळ्यांत लखनौच्या एका उद्यानातले छत्तीस कार्यक्रम सांभाळले आणि त्यांतला एकही पाहिला नाही. कथक झाले, सतार झाली, दोनदा नौटंकी झाली. प्रत्येक वेळी हा माणूस मंचाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभा होता. घुंगरांचा आवाज त्यांच्या पाठीवर पडे. डोळ्यांसमोर असत ती शेंगांची टरफले, उजळलेले फोन, ऐन आलापात उठून सतरंजी झटकणारी कुटुंबे आणि पुढच्या माणसाच्या मानेवरून सांडणारा चहा.

शिंत्रे मूळचे गडहिंग्लजचे. हवाई दलात बावीस वर्षे त्यांनी एकच काम केले: धावपट्टीवरून आत येणाऱ्या विमानाला हातांच्या खुणांनी थांब्यावर आणणे. या कामाला मार्शलर म्हणतात. हातांत टेबल टेनिसच्या बॅटीएवढ्या दोन नारिंगी लाकडी फळ्या, तोंडातून एक शब्द नाही. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फळ्यांची फुली केली की कितीही मोठे विमान थांबते. त्या जगात जमिनीवर एक लाल रेघ असते आणि विमानाचा पंखा फिरत असताना तिच्या पलीकडे जायचे नसते. शिंत्र्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा एक जोडीदार उडालेली टोपी उचलायला ती ओलांडून गेला. खांद्यापासून हात तुटून सहा पावलांवर पडला. टोपी शाबूत होती. ही हकीकत शिंत्रे जेवताना सांगत, आमटी वाढून घेत घेत, आणि शेवटी म्हणत, “रेघ कशासाठी असते, हे त्याला कळलं. पण उशिरा कळलं.”

निवृत्तीनंतर ते लखनौच्या तेलीबागेत स्थायिक झाले. गोमती नगरातल्या रहिवाशांची एक समिती दर हिवाळ्यात विनातिकीट कार्यक्रम करते. तिचे सचिव हर्षवर्धन मोघे, बँकेत अधिकारी, यांनी शिंत्र्यांना गाठले.

“साहेब, फुकट असतं म्हणून लोक येतात,” मोघे म्हणाले, “आणि फुकट असतं म्हणूनच असे वागतात.”

“हवापण फुकटच असते की. तिच्यात कोण थुंकतं का?”

“थुंकतात ना. तुम्ही या तर खरं.”

शिंत्रे आले, ते चुन्याची पिशवी घेऊनच. दुपारी चारला ते मैदानावर रेघा आखत. एका चौकोनात चार माणसे, दर दोन रांगांनंतर दोन हात रुंद वाट, मंचापुढे दोरी. अंधार पडू लागला की त्या दोन नारिंगी फळ्या हातांत घेऊन ते उभे राहत आणि प्रेक्षकांना विमानांसारखे आत घेत.

“अंकल, फ्लाइट लेट है क्या?” मागून कुणीतरी हमखास ओरडे.

“बैठ जा, नहीं तो तेरी लँडिंग करा दूँगा.”

हशा पिके. पहिल्या वर्षी हे बोलण्यावर भागले. दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ खुर्चीवर उभे राहून चित्रीकरण करू लागले. त्यांच्या मागच्या शंभर माणसांना कथकऐवजी त्यांची पॅन्ट दिसत होती. तीनदा फुलीची खूण करून ते उतरेनात, तेव्हा शिंत्र्यांनी खुर्चीचा पाय धरून ती ओढली. गृहस्थ मनगटावर पडले आणि मनगट मोडले. मागच्या शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. नर्तकीला वाटले, टाळ्या आपल्याला आहेत; तिने वाकून नमस्कार केला. चौथ्या वर्षी एकाला त्यांनी कॉलर धरून वाटेतून फरफटत नेले. त्याच्या कोपराचे सालटे चुन्याच्या रेघेवर राहिले. तेव्हाही टाळ्या झाल्या. मोघ्यांनी समितीच्या बैठकीत आभाराचा ठराव मांडला आणि त्यात ‘कर्तव्यकठोर’ असा शब्द घातला.

या टाळ्यांची दखल घेतल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. समुदायाला स्वतःसाठी शिस्त नको असते. शेजाऱ्याला ती लागताना पाहणे मात्र त्याला रुचते, आणि ते पाहायलाही तिकीट पडत नाही. त्या मैदानावर दोन खेळ एकाच वेळी चालत. एक मंचावर, एक दोरीच्या अलीकडे. दुसऱ्या खेळातला नट शिंत्रे होते, आणि हे त्यांना कधी कुणी सांगितले नाही.

त्यांची मुलगी सुरुची तेवीस वर्षांची, एका खासगी कंपनीत नोकरीला. तिला मराठी पूर्ण समजते, पण ती उत्तर हिंदीतच देते. घरात शिंत्रे रागावत ते मराठीत. आई मालिनीबाई समजूत घालत तीही मराठीत. सुरुची ‘जी बाबा’ म्हणे आणि आपल्या खोलीत जाई. दोन वर्षे ती शेर लिहीत होती हे आईला ठाऊक होते. त्या फेब्रुवारीत समितीने प्रथमच मुशायरा ठरवला आणि तिचे नाव यादीत आले, तेव्हा वडिलांना कळले. मालिनीबाईंनी विचारले, “दुसरीकडे कुठे वाचायचं नाही का तुला? तिथं हे असणार.”

“इसीलिए तो,” सुरुची म्हणाली. “घर में सुना नहीं सकती. वहाँ पीठ करके ही सही, खडे तो रहेंगे.”

तिला जे म्हणायचे होते ते दोन ओळींत होते. वडिलांनी त्या दोन्ही ओळी ऐकाव्यात, एवढेच तिला हवे होते.

निघताना ती त्यांना म्हणाली, “बाबा, आज किसी को डाँटिएगा मत.”

“तुझ्या सहा मिनिटांत पान हललं तर नाव बदलीन.”

“अहो, ती काय म्हणतेय ते तरी ऐका,” मालिनीबाई म्हणाल्या.

“ऐकलं की. शांतता पाहिजे तिला.”

त्या संध्याकाळी शांतता मुळीच नव्हती. पुढचे सोफे पाहुण्यांसाठी राखलेले होते आणि ते साडेसहापर्यंत रिकामे होते. मग पाहुणे आले, सत्कार झाले, हार झाले, हारांचे फोटो झाले आणि निम्मे पाहुणे निघूनही गेले. सोफे दोरीच्या पलीकडे, म्हणजे शिंत्र्यांच्या हद्दीबाहेर होते. दोरीच्या अलीकडे एक कुटुंब डबे उघडून बसले होते. पाचव्या रांगेत निळ्या जाकिटातला एक माणूस फोन उंच धरून व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी सांगत होता, “देखो, देखो, लाइव्ह चल रहा है.” शिंत्र्यांनी त्याच्यापुढे फुलीची खूण केली. त्याने फोन त्यांच्याकडे वळवला: “और ये देखो, हमारे पायलट साहब.” लोक हसले. मुलीने घातलेली अट आठवून शिंत्रे मागे सरले.

मुशायऱ्यात सर्वांत लहान कवी सर्वांत आधी वाचतो, म्हणून सुरुचीचे नाव पहिले पुकारले गेले. तिच्या आधी कुणीही काही वाचलेले नव्हते. ही गोष्ट साधी आहे, पण पुढचा सगळा अनर्थ तिच्यातून झाला.

तिसऱ्या रांगेत इक्बालनारायण सक्सेना बसले होते. वय चौऱ्याहत्तर, टपाल खात्यातून निवृत्त, शहरातल्या अशा मैफलींना पन्नास वर्षे जाणारे. मुशायऱ्याचा एक रिवाज आहे. कवी शेराची पहिली ओळ म्हणतो, आणि जाणता श्रोता ती ओळ मोठ्याने, जशीच्या तशी परत म्हणतो. तिला ओळ उचलणे म्हणतात. मग कवी ती पुन्हा म्हणतो आणि त्यानंतर दुसरी ओळ देतो. श्रोत्याकडून यापेक्षा मोठा मान नाही. सभा गोंगाट करत असेल आणि कवी नवखा असेल, तर ओळ अधिकच मोठ्याने उचलायची, म्हणजे पोराला धीर येतो आणि सभेला भान. सक्सेनांना डबे दिसत होते, फोन दिसत होता आणि माइकवर थरथरणारी मुलगीही दिसत होती.

शिंत्र्यांना हा रिवाज ठाऊक नव्हता, आणि सुरुचीच पहिली असल्याने तो त्या संध्याकाळी त्यांच्या कानावरही पडलेला नव्हता. या शहरात ते एकोणीस वर्षे राहिले होते, त्यातली सात वर्षे मंचापासून दहा हातांवर, पण पाठमोरे.

सुरुचीने म्हटले,

“मेरे घर में जबान दो हैं मगर...”

शिंत्र्यांना लगेच कळले: घर म्हणजे तेलीबागेतले घर. आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा, हात उंचावून, मुलीच्याच चालीत, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे म्हणाला,

“मेरे घर में जबान दो हैं मगर! वाह बेटी, फिर से!”

निळ्या जाकिटातला माणूस हसला. डबेवाले कुटुंब मान वळवून पाहू लागले. शिंत्र्यांना जे दिसले ते असे: आपली मुलगी आपल्या घरातली गोष्ट सांगते आहे आणि एक म्हातारा भर सभेत तिला वेडावतो आहे. त्यांनी फळ्यांची फुली केली. सक्सेनांचे लक्ष मुलीकडे होते. तिने ओळ पुन्हा म्हटली, आता आवाज स्थिर होता. सक्सेनांनी ती पुन्हा उचलली, अधिक मोठ्याने.

शिंत्रे रेघ ओलांडून तिसऱ्या रांगेत शिरले. उजव्या हातातली फळी त्यांनी आडवी, कडेने मारली. जबड्याचे हाड मोडल्याचा आवाज माइकने उचलला आणि तो चारही खांबांवरच्या कर्ण्यांतून बाहेर पडला. सक्सेना बसल्या जागी एका कुशीवर कलंडले. खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर रक्त पडले, रक्तात दोन दात पडले. शिंत्र्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला.

“बाबा, नको! बाबा!”

त्या माइकवरून मराठी शब्द प्रथमच ऐकू आले. कर्ण्यांनी ते चौफेर फेकले. शिंत्र्यांचा हात वरच राहिला, आणि त्या उचललेल्या हातावर पहिला माणूस तुटून पडला.

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. सात वर्षे ज्यांना चौकोनात बसवले होते ते सगळे एकदम उठले. चुन्याच्या रेघा अर्ध्या मिनिटात पुसल्या गेल्या. कुणी बुटाने मारले, कुणी स्टीलच्या डब्याने. मंचापुढची दोरी कुणीतरी शिंत्र्यांच्या गळ्यात टाकून ओढली. बरगड्या तीन मोडल्या. डाव्या कानावर मागून दोन्ही हात जोडून घातलेला तडाखा बसला आणि त्या कानाचा पडदा फाटला. प्रेक्षकांतून धावत आलेल्या मालिनीबाई आडव्या पडल्या, तेव्हा दोन लाथा त्यांच्याही पाठीत बसल्या. निळ्या जाकिटातला माणूस सोफ्यावर चढून चित्रीकरण करत होता आणि फोनमध्ये सांगत होता, “देखो, देखो, लाइव्ह.” त्याला खाली उतरवायला कुणी उरले नव्हते. नारिंगी फळ्यांपैकी एक त्या रात्री सापडलीच नाही. दुसरी पोलिसांनी पुरावा म्हणून नेली.

मोघ्यांनी दुसऱ्या दिवशी पत्रक काढले. शिंत्रे समितीचे कधीही अधिकृत सदस्य नव्हते, असे त्यात होते आणि ते खरेही होते.

सक्सेनांचा जबडा तारेने बांधला. सहा आठवडे तोंड उघडायचे नव्हते. त्यांच्या सूनबाई विभा यांनी तक्रार नोंदवली. शिंत्र्यांना अटक झाली आणि तिसऱ्या दिवशी जामीन मिळाला. सुरुची रोज कार्यालयातून सुटल्यावर रुग्णालयात जाऊन बसे. पहिले दोन दिवस विभाने तिला दारातूनच परत पाठवले, तिसऱ्या दिवशी स्टूल दिले. आठव्या दिवशी शिंत्रेही आले. बरगड्यांना पट्टा, डाव्या कानात कापूस. ते दारातच उभे राहिले. हात जोडले.

“अब आए हैं,” विभा म्हणाली. “मुकदमा वापस करवाने?”

सक्सेनांनी वही मागितली. पेन्सिलीने दोन वाक्ये लिहिली आणि वही सुरुचीकडे दिली. तिने ती मोठ्याने वाचली, बापाच्या उजव्या कानाला ऐकू जाईल अशी:

“मुकदमा अपनी जगह, शेर अपनी जगह. बेटी, शेर पूरा करो.”

सुरुची स्टुलावरून उठली. खोलीत चार खाटा होत्या. पलीकडच्या खाटेवर कुणी मोबाइलवर बातम्या लावल्या होत्या, त्या तशाच चालू होत्या. ती म्हणाली,

“मेरे घर में जबान दो हैं मगर...”

आणि थांबली. आता कुणीतरी ओळ उचलायची असते. सक्सेनांच्या ओठांमागे तारेची हालचाल झाली, डोळ्यांत वेदना आली, आवाज आला नाही. एका हाताची बोटे मात्र नेहमीसारखी उंचावली. विभा भिंतीकडे पाहत होती.

दारातून शिंत्रे एक पाऊल पुढे आले. तो रिवाज आता त्यांना ठाऊक झाला होता. पोलीस ठाण्यातल्या एका हवालदाराने तो त्यांना हसत हसत समजावला होता. त्यांनी तोंड उघडले.

सुरुचीने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटांची फुली केली.

बावीस वर्षांच्या सवयीने शिंत्रे जागच्या जागी थांबले. पाऊल अर्धे उचललेले, तोंड उघडे. मुलगी हात खाली न घेता त्यांच्याकडे पाहत होती. ते तिच्यासमोर होते, तिच्याकडे तोंड करून.

मग तिने दुसरी ओळ म्हटली.

“एक में डाँट, एक में चुप है.”